अकरावीला गणित की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)? लेकीला पुढे इकॉनॉमिक्स करायचंय

पावसची आई
नमस्कार मंडळी. लेक यंदा रत्नागिरीत अकरावी कॉमर्सला आहे. दहावीला गणितात ७१, म्हणजे ढ नाही, पण हुशार म्हणायलाही जीभ रेटत नाही. तिला अर्थशास्त्रातच डिग्री करायचीय. बजेटच्या दिवशी टीव्हीसमोरून हलत नाही. फॉर्म भरताना खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "गणित कशाला, एसपी घ्या, स्कोरिंग आहे." आम्ही एसपीवर टिक करून घरी आलो. आता माझा आतेभाऊ म्हणतो, घोटाळा केलात. विषय बदलायला आठवडा आहे. सासरे म्हणतात, अर्थशास्त्र हा वाचायचा विषय, त्याला गणित कशाला? खरं काय?

माडाखाली
ताई, आतेभाऊ बरोबर आहे. मी गणित न घेता इथेच बीए केलं. मजेत झालं, नोट्स पाठ केल्या, फर्स्ट क्लास आला. मग एमएला मुंबईत गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर उलट्या वायसारखं काहीतरी काढलं आणि म्हणाले, हा लॅम्डा, हा शून्य नसेल तर बजेटची मर्यादा ग्राहकाला टोचतेय. शेजारची मुलगी मान डोलावत होती. मी घामाघूम. त्या दिवाळीला घरी आलो ते बारावीचं गणिताचं पुस्तक शोधत. बावीस वर्षांचा घोडा भाच्याकडून डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट जराशी वाढली की दुसरी किती बदलते, ते) शिकला, आणि भाचा फी म्हणून रोज वडापाव घेत होता.

देवगडकर
सासऱ्यांना हे दाखवा. समजा गावात हापूसवाले तुम्ही एकटेच. बाजारात क्ष पेट्या आणल्या तर पेटीला ३००० वजा २० क्ष रुपये मिळतात. एकूण गल्ला ३००० क्ष वजा २० क्ष वर्ग. याचं डेरिव्हेटिव्ह ३००० वजा ४० क्ष, ते शून्य झालं की क्ष ७५. पेटीला १५००, गल्ला १,१२,५००. हावरटपणा करून १०० पेट्या उतरवल्यात तर भाव १००० वर येतो आणि हातात १,००,०००. पंचवीस पेट्यांची मेहनत जास्त आणि साडेबारा हजार कमी. पुस्तकात 'सीमांत प्राप्ती', म्हणजे आणखी एक पेटी विकल्यावर गल्ल्यात पडणारी भर, म्हणून जे पाठ करायला लावतात ते हे डेरिव्हेटिव्हच.

मिरकरवाडा
गणित बरोबर, हापूस चुकीचा! वाशीला गेल्यावर एकट्याच्या पेट्यांनी भाव कुठे हलतो? तिथे तुम्हाला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. सीमांत प्राप्ती म्हणजे भावच, आणि मग प्रश्न उरतो फक्त खर्चाचा.

देवगडकर
म्हणून तर 'एकटेच' लिहिलं रे बाबा. नीट वाच.

पावसची आई
लेकीला दिलं. दहा मिनिटांत ७५ काढलं, पण डेरिव्हेटिव्हने नाही, तक्ता करून. चालेल ना?

देवगडकर
धावेल! तक्ता करणारी मुलगी घाबरणारी नसते.

गोरेगाव लोकल
कुठे किती गणित लागतं ते सांगते. आपल्याकडच्या साध्या बीएला बारावीचं गणित नसलं तरी चालतं, म्हणून लोक फसतात. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत) गणित द्यावंच लागतं. पदवीनंतर आयएसआयच्या (भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या) एमएसक्यूई या अर्थशास्त्राच्या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेत एक अख्खा पेपर गणिताचा. गोरेगावची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था) रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढली, तिथेही गणिताची पाटी कोरी असेल तर अवघड. आयआयटीच्या जॅममध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेत, २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्यातही गणित आणि संख्याशास्त्र.
कॉमर्सचं गणित कमी लेखू नका. मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, रिग्रेशन, निर्देशांक, लिनियर प्रोग्रॅमिंग, सगळं त्यात आहे. रिग्रेशन (आकड्यांवरून दोन गोष्टींचा संबंध काढणं) तर पुढे इकॉनॉमेट्रिक्समध्ये, म्हणजे अर्थशास्त्राच्या संख्याशास्त्रात, रोजचा भात. सायन्सवाल्यांचं त्रिकोणमिती-व्हेक्टर त्यात नाही, त्याने बीएला फारसं अडत नाही. फक्त सीयूईटी द्यायची असेल तर एनसीईआरटीचं पुस्तक वेगळं करावं लागेल. आणि अर्ज करण्याआधी त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

मालवणी मसाला
चेडवाक गणित घेवक सांगा. भियाक नको.

गुहागरचा
थोडं विषयांतर. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० ची, नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. जन्म आमच्या तालुक्यातल्या कोतळूकचा, १८६६. फर्ग्युसनमध्ये ते आधी गणित शिकवायचे, शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं, अर्थशास्त्र शिकवलं ते नंतर. सासऱ्यांना कोकणचा दाखला हवा असेल तर हा घ्या.

पावसची आई
सासरे "गोखल्यांचं वेगळं" म्हणाले, पण गप्प बसले. क्लास कुठे लावू?

माडाखाली
आत्ताच क्लास नको. रोज अर्धा तास उदाहरणं, वही वेगळी, उत्तर मागे बघायचं नाही. अडलं तर स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिकवण्यांवर फुकट व्हिडिओ आहेत, पण ते बरेचसे कॉलेजच्या पातळीचे, बारावीनंतर बघा. एसपीचे मार्क गेल्याचं दुःख पहिल्या चाचणीपर्यंत राहील, तेवढं सोसा.

पावसची आई
उद्या सकाळच्या एसटीने जातेय. विषय बदलायचा अर्ज कोऱ्या कागदावर चालतो का?

गोरेगाव लोकल
बहुतेक ठिकाणी चालतो. प्रवेशाच्या पावतीची झेरॉक्स न्या. आणि त्या खिडकीवर जाऊ नका, थेट गणिताच्या सरांना गाठा.