जॉनी ग्रीनवुड: बँडमधला गिटारवादक की स्वतंत्र संगीतकार?

प्रश्न (सहावी तार): रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘क्रीप’ या गाण्यात ध्रुवपदाच्या आधी गिटारचे जे दोन-तीन खरखरीत फटकारे येतात, त्यांमुळे मला ग्रीनवुड ठाऊक झाला. हाच माणूस चित्रपटांसाठी वाद्यवृंदाचे संगीत लिहितो, हे नुकतेच कळले. ही बाजू समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर (पडदा): तो लहानपणी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे तंतुवाद्य) शिकला होता, त्यामुळे ही वळणे अचानक आलेली नाहीत. २००५मध्ये सादर झालेल्या वाद्यवृंदासाठीच्या त्याच्या रचनेचा काही भाग २००७च्या ‘देअर विल बी ब्लड’ या चित्रपटात वापरला गेला आणि संगीत पूर्णपणे नवे नाही, या कारणावरून ते ऑस्करसाठी अपात्र ठरले. आपण तिथूनच सुरुवात करावी. त्यातली तंतुवाद्ये ऐकताना अंगावर काटा येतो.

उत्तर (मारवा): माझे मत जरा वेगळे आहे. २०१५चा ‘जुनून’ हा अल्बम आधी ऐका. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादक-गायकांसोबत तो ध्वनिमुद्रित झाला. त्यावरील माहितीपटात ग्रीनवुड इतरांच्या घोळक्यात बसलेला दिसतो आणि कव्वालीच्या ओघात त्याची गिटार मुद्दाम शोधावी लागते. नामांकित वादकाने इतके मागे सरणे मला तरी क्वचितच दिसले आहे.

प्रश्नकर्ता: दोघांचे आभार. आज रात्री ‘जुनून’ ऐकतो.

उत्तर (पडदा): हेडफोन लावून ऐका, ढोलक आणि तुताऱ्यांचा घुमारा चांगला कळेल.