मदत हवी आहे: ओस्पए दिलं तरी टीएनएफ शून्य

पेट्रीडिश: तीनदा करून झालं. उंदराच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), ओस्पए (लाइम आजाराच्या बोरेलिया जंतूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) १ मायक्रोग्रॅम/मिली, २४ तास. एलायझात (प्रथिनं मोजायची चाचणी) टीएनएफ नाही, आयएल-६ नाही (दोन्ही दाहाचे संदेश देणारी प्रथिनं). एलपीएसच्या (ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा घटक) वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, दोन्ही भरपूर. काय चुकतंय? जरा लवकर सांगा.

सुपरनेटंट: २४ तास? टीएनएफ ४ ते ६ तासांतच चढतो. लवकर नमुना काढा, छोटे भाग करून ठेवा. पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नका.

रिकामा_वेल: मग एलपीएसच्या वेलमध्ये २४ तासांनीही कसा दिसला? आणि आयएल-६ तर टिकतो. वेळेचा प्रश्नच नाही हा. पेट्रीडिश, ओस्पए कुठलं? लिपिडसह की नुसतं प्रथिन?

डॉक्सी१००: लाइमला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा. सांधे धरले असतील तर २८ दिवस.

रिकामा_वेल: प्लेटला द्यायचं का? इथे पेशंट नाही हो.

पेट्रीडिश: ई. कोलायमध्ये बनवलेलं, पाण्यात विरघळणारं. शुद्धता ९५ टक्क्यांवर. लिपिडचं काही लिहिलेलं नाही.

रिकामा_वेल: मग तेच. विरघळावं म्हणून पुढचा सिग्नल पेप्टाइड कापतात, त्यामुळे लिपिड ज्या सिस्टीनला चिकटतं तिथे ते लागतच नाही. पेशीवरच्या टीएलआर२/टीएलआर१ या जंतू ओळखणाऱ्या ग्राहकांची जोडी नेमकं तेच लिपिड पकडते. नुसतं प्रथिन तिला दिसत नाही. पॅम३सीएसके४ (अशा लिपिडवाल्या प्रथिनाची कृत्रिम नक्कल) १०० नॅनोग्रॅम/मिली लावून बघा. त्याला टीएनएफ आला तर पेशी ठीक. एक बरं, तुमच्या प्रथिनात एलपीएसची भेसळ दिसत नाही. लिपिडवालं घ्याल तेव्हा मात्र पॉलिमिक्सिन बी (एलपीएस निष्प्रभ करणारं) लावलेला वेल हवाच.

स्पायरोकीट: पॉलिमिक्सिनवर विसंबू नका, सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांचे मॅक्रोफेज घ्या, त्यांचा एलपीएस ओळखणारा टीएलआर४ चालत नाही. खरं तर जिवंत बोरेलियाच द्या, पेशीमागे १०. गिळलेल्या जंतूचा आरएनए आतल्या टीएलआरना लागतो, इंटरफेरॉन तिथून येतं. ओस्पएत ते कुठून येणार?

रिकामा_वेल: प्रश्न टीएनएफचा आहे. जिवंत जंतू देणार असाल तर माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नको, आणि नुसत्या बीएसकेचा (बोरेलिया वाढवायचं माध्यम) वेगळा वेल ठेवा. त्यात सशाचं सीरम असतं.

सुपरनेटंट: आयएल-१० (दाह आवरणारं प्रथिन) पण मोजा. त्याची जीन काढलेल्या बी६ जातीच्या उंदरांत बोरेलिया जंतू कमी, तरी सांधे जास्त सुजतात.

पेट्रीडिश: पॅम३ला ६ तासांत टीएनएफ आला, ओस्पएला तेव्हाही शून्य. लिपिडवालं मागवतोय. डॉक्सी१००, २८ दिवस थांबायला वेळ नाही.