मदत हवी आहे: लेकीला हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाची सर्जन व्हायचंय

नमस्कार मंडळी,

मुलीची इंटर्नशिप संपली. नीट-पीजीच्या रँकवर रेडिओलॉजी मिळणार नाही, जनरल सर्जरी मिळेल. नातेवाईक हळहळले, ही मात्र खूश! इंटर्नशिपमध्ये तिच्या हॉस्पिटलात एका ब्रेनडेड पेशंटचं हृदय न्यायला बाहेरगावची टीम आली होती. डबा घेऊन ते पळाले, पोलिसांनी रस्ता मोकळा केला, ही गेटपाशी बघत उभी. तेव्हापासून डोक्यात तेच.

आम्ही दोघं शिक्षक, घरात डॉक्टर तीच पहिली. त्यामुळे प्रश्न बावळट वाटले तर सांभाळून घ्या.

माझा हिशोब असा: आता वय २४. एमएस ३ वर्षं, मग नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा), मग एमसीएच सीव्हीटीएस (हृदय-छातीची सर्जरी) आणखी ३. वर सरकारी कॉलेजचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सेवा. कुठेही न अडखळता गेली तरी तिशी उलटते, फेलोशिप त्यानंतर. एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा डीआरएनबीही (याच विषयाचा, राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा कोर्स) असतो, ती तोच म्हणतेय. एक प्रवेश परीक्षा वाचते हे खरं, पण मधेच मन बदललं तर हातात एमएससुद्धा नाही. काय करावं? आणि निव्वळ ट्रान्सप्लांट करणारे सर्जन असतात का?

(लग्नाचं विचारत नाहीये. ते विचारायला घरात पुरेशी माणसं आहेत.)

रातकिडा: काकू, मी सीव्हीटीएसलाच आहे. निव्वळ ट्रान्सप्लांट करणारा सर्जन मी तरी पाहिला नाही. रोजचं काम बायपास, व्हॉल्व्ह, जन्मजात छिद्रं. ट्रान्सप्लांटचा फोन येतो तो बहुधा रात्रीच. ब्रेन डेथच्या दोन तपासण्यांत किमान ६ तासांचं अंतर लागतं, मग घरच्यांची संमती, झेडटीसीसीची (अवयव वाटपाची विभागीय समिती) यादी. आम्ही ज्युनिअर रिट्रीव्हलला, म्हणजे दात्याचं हृदय काढून आणायला, जातो. तिथे छाती उघडून, हृदय डोळ्यांनी बघून 'चांगलंय' असं कळवलं की इकडे पेशंटची छाती उघडायची. काढलेलं हृदय साधारण ४ तासांत चालू व्हायला हवं. कधी तिथे गेल्यावर ते खराब निघतं, मग रिकामा डबा घेऊन परत. तेव्हा कोणी ग्रीन कॉरिडॉर (पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता) करत नाही.

फुप्फुसं जास्त हट्टी. प्रत्येक श्वासाला बाहेरची हवा आत, त्यामुळे इन्फेक्शन लवकर होतं, रिजेक्शन (शरीराने परका अवयव नाकारणं) असतंच. हृदय-फुप्फुस एकत्र तर फारच क्वचित.

एमएस की डीआरएनबी यापेक्षा, त्या जागी वर्षाला किती ओपन हार्ट होतात आणि ज्युनिअरच्या हातात किती येतं हे तिथल्या रेसिडेंटना विचारा. बाकी, मन डगमगण्याची थोडी जरी शंका असेल तर आधी एमएस.

जुना_परळकर: जगातलं पहिलं माणसाचं हृदय प्रत्यारोपण डॉ. बर्नार्डनी ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये केलं, पेशंट १८ दिवस जगला. फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. पी. के. सेन यांनी केलं! पेशंट वाचला नाही. भारतात यश यायला ऑगस्ट १९९४ उजाडला, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही त्याच वर्षीचा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. १९६८ ते १९९४, यश यायला २६ वर्षं, हे ऐकून मीच गप्प झाले. ती रिकाम्या डब्यापाशी थांबली, म्हणाली, "पहिल्याच वर्षी नेतात का रिट्रीव्हलला, ते विचार." रातकिडा, नेतात का?