भरीत सेंटरला नोंदणीचा आग्रह धरावा का?

तापीकाठ

थंडी पडली, आसोदा-बामणोदची वांगी बाजारात आली आणि रस्त्याच्या कडेला वांगी भाजायच्या पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) ढीग दिसायला लागले. गेल्या रविवारी मळ्यात आमची पंधरा जणांची भरीत पार्टी झाली. भरीत एका सेंटरवरून आणलं, पाच किलो. रात्री चौघांना उलट्या-जुलाब. दोष भरताचा की मळ्यातल्या पाण्याचा, हे छातीठोक सांगता येणार नाही, म्हणून सेंटरचं नाव घेत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन नोंदणीचा नंबर विचारला तर माणूस हसला. म्हणे, "दादा, तीन महिन्यांचा धंदा, नंबर कसला?"

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू. लहान विक्रेत्याला परवान्यातून सूट आहे, नोंदणीतून नाही. हातगाडीवालासुद्धा त्यात येतो. माझं म्हणणं सरळ आहे. चौदा आकडी नंबर लावलेला नसेल तर विक्री बंद. आणि हंगामाच्या तोंडाशी एकदा तरी तपासणी. तुम्हाला काय वाटतं?

बडगीवाला

भाऊ, तू शहरम्हा बठीसन नियम सांगस. मन्हा बाप भरीत इकत व्हता, आते मी इकस. आजलोंग कोनलेच काही व्हयनं नही.

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. मागे एक जण तपासायला आले. चूल पाहिली, वांगी पाहिली आणि बडगीपाशी, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यापाशी, येऊन थांबले. म्हणे लाकूड चालणार नाही, स्टीलचं भांडं घ्या. अहो, स्टीलमध्ये ठेचलं की मिरची-लसूण निसटत राहते, वांग्याचा लगदा होतो. बडगीत ते एकजीव होतं. आम्ही ती रोज गरम पाण्यानं धुतो, उन्हात पालथी घालतो. ज्या साहेबाला भरीत कसं होतं तेच माहीत नाही, त्यानं पास-नापास ठरवायचं?

तापीकाठ

बाप विकत होता तेव्हा लोक घरी नेऊन लगेच खायचे. आता तुम्ही दुपारी ठेचता आणि रात्री दहाला वजन करून देता. मधले सहा तास ते भरीत कुठे असतं? टोपल्यात, फडक्याखाली. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवावा असं नियमात आहे ते उगीच नाही. कोमट भरतात जंतू सुखात वाढतात.

बिबडेवाली

मी दोघांच्या मध्ये पडते. आमचा अकरा बायांचा बचत गट आहे. चैत्र-वैशाखात ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड करतो, गच्चीवर वाळवतो. नोंदणी केली तेव्हा सरकारी फी होती वर्षाला १०० रुपये. एजंटाने घेतले १२००. फॉर्म आपल्यालाच भरता येतो हे नंतर माझ्या भाच्याने सांगितलं. तोवर गटातल्या बाया माझ्याकडे संशयाने बघत होत्या, ते वेगळंच.

पण त्या नंबरामुळेच पुण्यातल्या दुकानदाराने आमची पाकिटं ठेवली. त्याआधी "घरगुती माल नको" म्हणून फोन ठेवायचा. म्हणजे नंबराचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही. भीती वाटते ती लेबलची. छपाईवाल्याने तारीख टाकायची जागाच सोडली नाही. कायद्यात चुकीच्या लेबलला तीन लाखांपर्यंत दंड आहे. तीन लाख! आमची वर्षाची उलाढालच त्याच्या आसपास. दोनशे पाकिटं मी हाताने शिक्के मारून दुरुस्त केली.

चौफुलीवरची खानावळ

ताई, तीन लाख ही कमाल मर्यादा आहे, सरसकट नाही. चुकीतून फायदा किती झाला, कोणाचं नुकसान किती झालं, चूक पुन्हा पुन्हा केली का, हे बघूनच रक्कम ठरवायची असं कायदाच सांगतो. तपासणीत त्रुटी निघाल्या तर आधी सुधारणा नोटीस मिळते, किमान चौदा दिवसांची.

माझी तक्रार उलटी आहे. २०११ च्या नियमांत बारा लाखांची रेघ होती, त्यावर उलाढाल गेली की परवाना. हिशोब करा, रोजचा ३,३०० गल्ला झाला की बारा लाख झाले. शेवभाजीच्या चाळीस-पन्नास ताटांत होतात तेवढे. मी २०१८ ला ती रेघ ओलांडली आणि तेव्हापासून सगळं करतो. पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांची वैद्यकीय तपासणी, बिलावर नंबर. तळणीचं तेल किती बिघडलं त्याची मर्यादा २५ टक्के आहे (टोटल पोलर कंपाऊंड्स म्हणतात), ते मोजायचं यंत्रही घेतलं. आणि माझ्यासमोर दोनशे पावलांवर, कालच्या काळ्या तेलात आज भजी तळणारा गाडा. त्याच्याकडे तपासायला कोणी जात नाही, कारण त्याचा कागदच नाही. कागद आहे तोच सगळ्यांना सापडतो. म्हणून तापीकाठ यांना माझा पाठिंबा. बडगीवाल्या भाऊंचा राग समजतो, पण 'बापजाद्यांपासून' हे काही प्रमाणपत्र नाही.

बडगीवाला

आणि तुमच्या लाल तर्रीचं? तो रंग मिरचीचाच का? 🙂

चौफुलीवरची खानावळ

मिरचीचाच. या बघायला. भाजी माझ्याकडून.

नंदुरबारकर

मिरचीचा विषय निघालाच म्हणून. आमचं घर पिढ्यानपिढ्या मिरचीच्या व्यापारात. पथारीवर लालभडक मिरची बघून शहरातली माणसं फोटो काढतात, पण पुडीत भेसळ आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. सुदानसारखा रासायनिक रंग प्रयोगशाळेतच पकडला जातो. तिथे नमुना घेणं हाच उपाय. नमुन्याचे चार भाग करतात, एक विश्लेषकाकडे जातो, त्याचा अहवाल चौदा दिवसांत यायला हवा. तिखट चौदा दिवसांनी तेच राहतं. भरीत राहील का?

म्हणून दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं. पुडीबंद मालाचा नमुना घ्या, ताज्या पदार्थाची जागा बघा. सेंटरवर पाणी कुठून येतं, ठेचणाऱ्याचे हात, कच्च्या पातीचा कांदा धुतात का, ठेचल्यावर किती वेळात विकतात. हे बघायला पंधरा मिनिटं लागतात. बडगी लाकडाची की स्टीलची यावर वाद घालण्यात ती पंधरा मिनिटं गेली तर मग काय उपयोग? तडे गेले असतील तर बदलायला सांगा, गुळगुळीत असेल तर पुढे चला.

आणि एक. गिऱ्हाईकालाही स्वतः नमुना तपासून घेता येतो, कलम ४०. फी भरायची आणि घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. माल खराब निघाला तर फी परत. तापीकाठ, तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात तिथेच ती संधी गेली.

निवृत्त मास्तर

सगळे विक्रेत्यांच्या मागे लागला आहात. पंगतींचं काय? नियमांत लहान अन्न उत्पादकाच्या व्याख्येत धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही आहे. आमच्या गावच्या सप्ताहात हजार माणूस जेवतं, नोंदणीचा शब्द काढला तर मला गावाबाहेर काढतील. नवरात्रात भगरीचं पीठ आधीच दळून ठेवतात, ते ओल धरतं, बुरशी येते आणि उपवासाला अख्खी गल्ली दवाखान्यात. दरवर्षी वर्तमानपत्रात सूचना येते. वाचून त्याच कागदावर भजी खातो आपण. (तेही चालत नाही म्हणे, शाई लागते.)

तापीकाठ

मास्तर, सप्ताहाचं मान्य, पण तिथे पैसे घेत नाहीत. विकतो त्याची जबाबदारी जास्त, यावर मी ठाम आहे. नंदुरबारकरांचं पटलं. 'विक्री बंद' हा शब्द मागे घेतो. पहिल्या हंगामात नोटीस, दुसऱ्यात बंद.

बडगीवाला

नंबर काढी लिसू. एजंटकडून नही, बिबडेवाली ताईंच्या भाच्याचा फोन मिळाला तर त्याच्याकडून. आणि दुपारी ठेचून रात्री विकणं आम्हीही करतो, खोटं कशाला बोलू. गर्दी सातनंतरच येते. गिऱ्हाईक उभं असताना ठेचायचं तर दोन माणसं वाढवावी लागतील, किलोमागे तीस-चाळीस रुपये चढतील. ते द्यायला तयार आहात का, आधी सांगा.

तापीकाठ

वीस.

चौफुलीवरची खानावळ

बघा, आलं गिऱ्हाईक मूळ पदावर.