जठराच्या खालच्या तोंडाशी अडथळा : चार वर्षांच्या मुलाला फुगा घालून उपचार करावेत की शस्त्रक्रियाच करावी?

भांडुपचा मामा (प्रश्न)

नमस्कार. माझ्या बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाने सात आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले फरशी धुण्याचे ॲसिड घोटभर प्यायले. त्याला तातडीने रुग्णालयात नेले, आठ दिवसांनी तो घरी आला आणि पुढचे तीन आठवडे नीट जेवत होता, त्यामुळे संकट टळले असे आम्ही धरून चाललो होतो. आता मात्र सकाळी खाल्लेला भात तो संध्याकाळी जसाच्या तसा ओकतो, चार घासांत पोट भरले म्हणतो आणि त्याचे वजन १५ किलोंवरून १२ किलोंवर आले आहे. बेरियम देऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये जठरातून आतड्यात जाणारी वाट दोऱ्याएवढी उरलेली दिसली. डॉक्टर म्हणतात की दुर्बिणीतून फुगा घालून ती टप्प्याटप्प्याने रुंद करता येईल, मात्र चार-पाच वेळा तरी यावे लागेल. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, लेकराला पुन्हा पुन्हा भूल देण्यापेक्षा एकदाच पोट उघडून काय ते करून घ्यावे. ज्यांना याचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चेंबूरची आई

दादा, माझी मुलगी तीन वर्षांची असताना याच दुखण्यातून गेली. तिला सहा वेळा फुगा घालावा लागला आणि त्याला जवळपास चार महिने लागले. दुसऱ्या वेळेनंतर दहाच दिवसांत उलट्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा आम्हीही हेच म्हणालो होतो की आता कापून मोकळे करा. पण डॉक्टरांनी सांगितले की सुरुवातीला वाट पुन्हा आकसणे अपेक्षितच असते आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा कमी आकसते. आमच्या बाबतीत तसेच घडले. त्या काळात दर दोन तासांनी गाळलेले नाचणीचे सत्त्व, मुगाचे कढण आणि दूध एवढ्यावरच ती होती. सहाव्या वेळेनंतर तिने पोळीचा तुकडा खाल्ला आणि तो पोटात राहिला, तो दिवस आमच्या घरात कुणी विसरलेले नाही.

बालशल्यचिकित्सक, दादर

प्रथम शब्दाचा गोंधळ दूर करतो. आपल्याकडे ‘दुर्बिणीतून’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एन्डोस्कोपीत दुर्बीण तोंडावाटे जठरात उतरते आणि पोटावर एकही छेद नसतो. लॅप्रोस्कोपीत पोटावर लहान छिद्रे पाडून शस्त्रक्रियाच केली जाते. तुमच्या भाच्यासाठी सुचवलेला उपाय पहिल्या प्रकारचा आहे, आणि घरच्यांना हा फरक समजला तर निम्मी भीती कमी होईल.

ॲसिड अन्ननलिकेतून झरकन खाली जाते आणि जठराच्या खालच्या टोकाशी साचते, कारण तेथील स्नायू दाहामुळे आवळला जातो. त्यामुळे तोच भाग सर्वाधिक भाजतो आणि जखम भरताना तेथे तयार झालेला व्रण हळूहळू आकसतो. मधले काही आठवडे मूल बरे वाटते, ते यामुळेच. पहिल्या तीन आठवड्यांत जठराची भिंत फार नाजूक असल्याने तेव्हा फुगा घालणे टाळतात. सात आठवड्यांनी तो विचार करणे योग्य आहे.

फुगा मिटलेल्या अवस्थेत दुर्बिणीच्या आतून अरुंद जागेत सरकवतात, मग त्यात द्रव भरून तो साधारण मिनिटभर फुगवून ठेवतात. सुरुवात ६ ते ८ मिलिमीटरपासून करून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा मोठा फुगा वापरतात. वाट १२ मिलिमीटरच्या आसपास रुंद झाली की लहान मुलाचे घट्ट अन्न सहसा खाली उतरू लागते. एकाच वेळी सारे ताणायला गेले तर जठर फाटू शकते, म्हणूनच हे काम टप्प्यांनी करावे लागते.

‘एकदाच पोट उघडून’ हा मार्ग वाटतो तितका छोटा नाही. अशा शस्त्रक्रियेत अरुंद भाग काढून टाकावा लागतो किंवा जठर लहान आतड्याला नव्याने जोडावे लागते. तीन किलो वजन गमावलेल्या, सततच्या उलट्यांनी रक्तातील क्लोराइड आणि पोटॅशियम हे क्षार खालावलेल्या मुलाच्या टाक्यांवर भरवसा ठेवणे कठीण असते, त्यामुळे शस्त्रक्रिया ठरली तरी आधी त्याचे पोषण सुधारावेच लागते. अरुंद भाग लांबलचक असेल, जठरच आकसलेले असेल किंवा अनेकदा फुगा घालूनही वाट टिकत नसेल, तर मात्र मी स्वतः शस्त्रक्रियाच सुचवीन. चार-पाच वेळांच्या प्रयत्नानंतर हा निर्णय घेतल्याने बहुधा काहीही बिघडत नाही. त्या काळात मूल सशक्त झालेले असते.

निवृत्त परिचारिका, परळ

लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षे काढली, म्हणून थोडे सांगते. या मुलांच्या जठरात जुने अन्न साठून राहते, त्यामुळे भूल देण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त काळ उपाशी ठेवतात आणि नाकातील नळीने जठर रिकामे करतात. शेजाऱ्याने दिलेले एक बिस्किटही भुलेत फुफ्फुसात जाऊ शकते, तेव्हा त्या काळात मुलाजवळ एक माणूस कायम असू द्या. घरी आल्यावर पोट कडक होणे, ताप किंवा न थांबणारी पोटदुखी दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखीव असतात, त्याबद्दल तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधारकार्ड जवळ ठेवा. आणि ती बाटली अजून घरात असेल, तर आजच काढून टाका.

भांडुपचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. बाटली त्याच दिवशी फेकली. डॉक्टरांचे लिहिणे घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि फुग्याचा मार्ग ठरला आहे. एकच शंका उरली : पहिल्या वेळीच नाकातून आतड्यापर्यंत अन्नाची नळी घालू म्हणतात, आणि बहिणीला वाटते की याचा अर्थ आता तो तोंडाने खाणारच नाही.

बालशल्यचिकित्सक, दादर

तसे मुळीच नाही. ती नळी अरुंद जागेच्या पलीकडे जाते, त्यामुळे वाट रुंद होईपर्यंत रोजचे पोषण थांबत नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तर तोंडाने घोट-घोट पातळ पदार्थही देता येतात. वजन वाढू लागले आणि तोंडाचे खाणे पोटात टिकू लागले की नळी काढतात. बहिणीला सांगा, दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे आणि ती वही प्रत्येक वेळी सोबत न्यावी.