दुभाषी कोपऱ्यात नको, नाटकातच हवा

रंगमंचाच्या कडेला सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा केला की नाटक कर्णबधिरांना खुले होते, हे मत मला पटत नाही. जळगावात एका प्रयोगाला मी माझ्या कर्णबधिर पुतणीला नेले होते. दुभाषी डाव्या कोपऱ्यात आणि प्रवेश उजवीकडे, त्यामुळे तिला सारखी मान वळवावी लागत होती. रात्रीच्या प्रवेशात प्रकाश मंद झाला तेव्हा तर दुभाष्याचे हातच दिसेनासे झाले. तिने माझ्या तळहातावर बोटाने प्रश्नचिन्ह काढले.

लंडनच्या ग्रेआय या 1980 साली स्थापन झालेल्या नाट्यसंस्थेत सांकेतिक भाषा, पडद्यावर उमटणारे संवाद आणि अंध प्रेक्षकांसाठीचे वर्णन हे सारे नाटकातच गुंफले जाते, कारण तिथे निर्णय घेणारेच कर्णबधिर आणि अपंग कलावंत असतात; 1997 साली तिची कलात्मक सूत्रे हाती घेणाऱ्या जेनी सीली स्वतः कर्णबधिर आहेत. आपल्याकडे शासनाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा होते, पण त्या रंगमंचावर उभी राहिलेली मुले मोठी झाल्यावर कुठे जातात? धुळे-जळगावच्या हौशी संस्थांनी त्यांना प्रेक्षक म्हणून नव्हे, तर पहिल्या वाचनापासून दिग्दर्शकाच्या शेजारी बसायला बोलवावे.