‘साधना’ साप्ताहिक नेमके कोणत्या विचाराचे?

प्रश्न: राज्यशास्त्रात एम.ए. करतेय, मराठी नियतकालिकांवर छोटा प्रबंध आहे. ‘साधना’ला कुणी डावे म्हणते, कुणी गांधीवादी, कुणी समाजवादी. काय लिहू?

उत्तर १ (जुना वर्गणीदार): डावे लिहा, पण कम्युनिस्ट लिहू नका. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला हे साप्ताहिक काढले. त्याच्या आदल्याच वर्षी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले होते. राष्ट्र सेवा दलातली, समाजवादी चळवळीतली माणसे पुढे संपादक झाली, त्यामुळे गांधी आणि समाजवाद दोन्ही तिथे एकाच पंगतीला बसतात.

आमच्याकडे अंक टपालाने यायचा. वडील पत्त्याची कागदी पट्टी न फाडता अलगद सरकवून काढायचे, कारण वर्षअखेरीस सगळे अंक बांधून घ्यायचे असत. त्या बांधीव गठ्ठ्यांतला 1972 चा स्वातंत्र्यदिन विशेषांक मी कॉलेजात असताना वाचला. संपादन अनिल अवचटांचे. त्यात दलित पँथरच्या राजा ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख होता. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर 300 रुपये दंड आणि दलित बाईवर हात टाकला तर 50, मग या ध्वजाचे करायचे काय, असा त्यांचा सवाल. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. वडिलांनी त्या परिच्छेदाच्या बाजूला शिसपेन्सिलीने एक उभी रेघ मारलेली आहे, बाकी काही नाही. ते स्वतः सेवा दलात वाढलेले, तिरंगा म्हणजे प्राण. रेघ पटली म्हणून मारली की बोचली म्हणून, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

माझ्या मते तुमचे उत्तर त्या अंकात आहे. आपल्याच वाचकाला झोंबेल असा लेख संपादक छापतो का, एवढे बघा.

उत्तर २: वरच्या मताशी सहमत. आणीबाणीतला काळही जरूर घ्या, यदुनाथ थत्ते संपादक होते. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर! 1998 पासून 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली त्या दिवसापर्यंत ते संपादक होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम एका हाताने, साप्ताहिक दुसऱ्या हाताने. बालकुमार दिवाळी अंक त्यांच्याच काळातला.

प्रश्नकर्ती: धन्यवाद. 1972 चा अंक ग्रंथालयात मागितलाय. काका, त्या पानाचा फोटो मिळेल का? पेन्सिलीची रेघही दिसू द्या.

उत्तर १: पाठवतो, बाळ. पान पिवळे पडलेय, उजेडात धरून काढावे लागेल.